इडलीबुवांची मान

भागीरथीबाईंना दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक, कीर्तनातून मध्येच उठून जाणारा माणूस. आणि दुसरी, खाण्याच्या पदार्थाचं नाव ठेवलेला प्राणी. यातली दुसरी गोष्ट त्यांच्याच घरात, चौदाव्या मजल्यावर राहत होती आणि सुनेच्या लॅपटॉपच्या वायरी खात होती.

तो ससा होता. पांढराशुभ्र, डोळे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, आणि बसला की ताटलीएवढ्या तट्टे इडलीसारखा चपटा पसरायचा, म्हणून सून प्रणिता त्याला इडली म्हणायची. मुळात तो तिच्या ऑफिसातल्या कुणा मैत्रिणीचा. ती कॅनडाला निघाली तेव्हा तिने सोफा विकला, स्कूटर विकली, आणि ससा "दोनच आठवडे सांभाळ" म्हणून इकडे सोडला. त्या दोन आठवड्यांना आता वर्ष होत आलं होतं.

"एकादशीला मी त्याला हाक कशी मारू?" भागीरथीबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "उपास मोडेल माझा."

"मग तेवढा दिवस साबुदाणा म्हणा, आई," प्रणिता म्हणाली. पुण्याची होती, उत्तर तयार ठेवायची.

भागीरथीबाईंचा जन्म गेला चामराजपेटेत. घरात मराठी, दारात कन्नड आणि संध्याकाळी मठात कीर्तन, असा तीन पिढ्यांचा शिरस्ता. त्यांचं लग्न जमलं ते कीर्तनात, आणि नवऱ्याशी भांडण व्हायचं तेही कीर्तनाला पोचायला उशीर झाला म्हणून. नवरा गेल्यावर मुलगा प्रवीणकुमार त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला आपल्याकडे घेऊन आला. इथे पोहायला तलाव होता, पळायला पट्टा होता, कुत्र्यांना फिरायला वेगळी बाग होती. देवाचं नाव मोठ्याने घ्यायला मात्र जागा नव्हती. चौदाव्या मजल्यावरून देव फार जवळ असेल असं त्यांना आधी वाटलं होतं. पण तिथून दिसायचं ते फक्त समोरच्या आयटी पार्कचं पार्किंग.

म्हणून त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना धरलं. सकाळी लिफ्टमध्ये धरलं, संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी धरलं. शेवटी अध्यक्षांनी जीव सोडवून घ्यायला क्लबहाऊस एकादशीच्या संध्याकाळी देऊ केलं. अट एकच: दिवाळीपर्यंत हॉल भरताना दिसला नाही, तर ती वेळ झुंबावाल्यांना. झुंबावाल्या बायका पुष्कळ होत्या आणि त्या एकादशीलाही भरपेट खाऊन नाचायला तयार होत्या.

कीर्तनाला भागीरथीबाईंनी चामराजपेटेतून आप्पाजी बुवांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, आवाज अजून खणखणीत, स्वभावही. पहिल्या एकादशीला सहा श्रोते आले. त्यातले दोघे लिफ्ट सुरू होईपर्यंत टेकलेले. लिफ्ट सुरू झाली आणि पूर्वरंग संपायच्या आत ते उठू लागले, तेव्हा भागीरथीबाईंनी एकाच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. "आरती झाल्याशिवाय उठू नये," त्या हळूच म्हणाल्या. "वटवाघूळ होतो माणूस." तो इंजिनिअर होता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा या शक्यतेचा विचार केला आणि बसून राहिला.

दुसऱ्या एकादशीला घरात सुतारकाम निघालं. ठोकाठोकीने ससा पलंगाखाली जाऊन थरथरत होता, म्हणून भागीरथीबाईंनी त्याला भाजीच्या टोपलीत घातलं आणि क्लबहाऊसमध्ये नेऊन आपल्याशेजारी सतरंजीवर ठेवलं. बुवांनी तान घेतली. इडली टोपलीतून बाहेर आला, पुढच्या पायांवर उंच झाला, बुवांकडे तोंड करून बसला, आणि मान डोलवू लागला. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, जाणकाराने डोलवावी तशी.

बुवांची तान अर्ध्यावर थबकली. मग त्यांनी तीच तान पुन्हा घेतली. ससा पुन्हा डोलला.

"काकू, हे रेकॉर्ड केलं बरं का मी," मागून दयानंद म्हणाला. दयानंद म्हणजे सोसायटीतल्या मराठी मंडळाचा चिटणीस. मंडळाने वर्षभरात एक हळदीकुंकू आणि तीन भांडणं एवढंच घडवून आणलं होतं, त्यामुळे तो कार्यक्रमाच्या शोधातच होता. त्याने तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठल्या कुठे गेला, आणि तिसऱ्या एकादशीला क्लबहाऊसच्या दारात चपलांचा ढीग पडला.

लोक यायचे, सशाला हात जोडायचे, मग बुवांना. त्याला इडलीबुवा म्हणू लागले. कुणी सांगितलं, हा मागच्या जन्मीचा टाळकरी. कुणी त्याच्यापुढे केळं ठेवलं, कुणी पेढा. प्रणिता ते उचलून ठेवता ठेवता दमली. मंडळाने शाल आणि नारळ देऊन त्याचा सत्कार केला. नारळ त्याला सरकवता आला नाही आणि शालीचा काठ त्याने तिथल्या तिथे खाल्ला, त्यालाही लोकांनी वैराग्य म्हटलं.

आप्पाजी बुवांना आधी हे झोंबलं होतं. "अक्का, उभा जन्म मी गातोय, आणि ऐकणारा मिळाला तो ससा," ते म्हणाले. पण पुढेपुढे त्यांचं काहीतरी झालं. एखादी अवघड जागा घेतली की ते हळूच सशाकडे बघायचे. ससा डोलला की त्यांचा चेहरा मुंज झालेल्या मुलासारखा फुलायचा. आणि भागीरथीबाई भरलेल्या हॉलकडे बघून मनात म्हणायच्या, देवा, तू कुठून माणसं ओढून आणशील त्याचा नेम नाही.

मग नखं कापायला प्रणिता सशाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली आणि भागीरथीबाईही तिच्याबरोबर गेल्या. डॉक्टर रूपश्री खानापूरकडची, बोलायला मोकळी. भागीरथीबाईंनी तिला कौतुकाने व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा पाहिला, सशाच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "आज्जी, बरं वाटावं असं सांगू का खरं सांगू?"

"खरंच सांग. पण स्वल्प हळू सांग."

"बघा की, याच्या डोळ्यांत रंगच नाही. आपल्या डोळ्यांत जो काळा, तपकिरी रंग असतोय, तो खिडकीच्या पडद्यागत उजेड अडवतोय. याला पडदाच नाही. सगळा उजेड सरळ आत. म्हणून समोरचं धड दिसत नाही याला. मग तो मान अशी अशी हलवतोय. मान हलली की जवळचं भराभर सरकतंय आणि लांबचं हळू. त्यावरनं त्याला कळतंय, काय किती लांब आहे. बसमधनं बघताना खांब पळतात आणि डोंगर जाग्यावर राहतोय, तसं."

"म्हणजे आप्पाजी बुवा गातात तेव्हा..."

"तेव्हा तो बघतोय, समोरचं हे खांब आहे का डोंगर."

प्रणिताने तोंडावर रुमाल धरला. भागीरथीबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"डोलणं हा काही आजार नव्हे," डॉक्टर पुढे म्हणाली. "लाल डोळ्यांचे पुष्कळ ससे डोलतात. पण एक ध्यानात ठेवा. मान एका अंगाला कलली आणि तशीच राहिली, डोळे थरथरायला लागले, नाहीतर तोल जाऊन पडायला लागला, तर मग बसून राहायचं नाही. कानाच्या आत पू झालेला असतोय, नाहीतर एक बारीक जंतू मेंदूत शिरलेला असतोय. त्यात खाणं सुटतंय, आणि सशाचं खाणं सुटलं की जीव जायला वेळ लागत नाही. हातातलं टाकायचं आणि उचलून आणायचं."

परतताना गाडीत प्रणिता म्हणाली, "आई, मग सांगायचं ना सगळ्यांना?"

"काय सांगायचं? मी कुठे म्हटलं तो भक्त आहे म्हणून? लोक म्हणतात."

"परवा लिफ्टमध्ये तुम्हीच म्हणालात, मागच्या जन्मी टाळकरी असेल."

"असेल म्हटलं. आहे म्हटलं नाही." मग थोड्या वेळाने, सिग्नलला गाडी थांबल्यावर, त्या म्हणाल्या, "आणि हॉलमध्ये डोलतात ती माणसं सगळी ऐकून डोलतात का? निम्मी झोपेने डोलतात. तरी देव कुणाला उठून जा म्हणत नाही."

सिग्नल सुटला, गाडी हलली. भागीरथीबाईंनी विषय तिथेच सोडला.

पण तो सुटला नाही. व्हिडिओत सशाचा चेहरा अंधारा येतो म्हणून दयानंदने दोन मोठे दिवे आणून सतरंजीच्या दोन्ही बाजूंना उभे केले. उजेड वाढला तसा ससा जास्त डोलू लागला, आणि तो जास्त डोलू लागला तशी भक्ती वाढली. लोकांना वाटायचं, रंग चढतोय. भागीरथीबाईंना आता दिसायचं की बिचारा आंधळ्यासारखा चाचपडतोय. त्या दिव्याच्या आणि त्याच्या मध्ये पदर धरून बसू लागल्या. "काकू, फ्रेममध्ये पदर येतोय," दयानंद म्हणायचा. त्या पदर स्वल्प बाजूला घ्यायच्या. दिवाळी होऊन जाऊ दे, हॉल एकदा कायमचा मिळू दे, मग याला घरी ठेवू, असं त्या देवाला रोज सांगायच्या. देव कधी नको म्हणाला नाही. पण हो म्हणाल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

दिवाळीआधीची शेवटची एकादशी आली. हॉल गच्च भरला. अध्यक्ष स्वतः येऊन पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते, आणि आज आरतीनंतर हॉलचा निर्णय सांगतो असं त्यांनी जाहीर केलं होतं. ससा दिवसभर गप्प होता. सकाळची कोथिंबीर तशीच पडली होती. "गॅस झाला असेल," भागीरथीबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्याला टोपलीत घातलं. प्रणिता ऑफिसातून परस्पर येणार होती, नाहीतर तिने विचारलंच असतं.

उत्तररंगाला बुवांनी स्वतः रचलेलं, राजाच्या पाणक्याचं आख्यान लावलं. हा पाणक्या रोज पहाटे पहिली कावड देवळात रिती करायचा आणि दुसरी राजवाड्यात. प्रधानाने चहाडी केली, की महाराज, तुम्हाला उष्टं पाणी मिळतं. राजा संतापला आणि देवळाच्या पायऱ्यांवरच त्याला गाठायला निघाला.

भागीरथीबाईंचं लक्ष आख्यानात नव्हतं. सशाची मान डाव्या अंगाला कलली होती. एक कान सतरंजीला टेकला होता, दुसरा वर छताकडे, आणि वरचा लाल डोळा घड्याळाच्या काट्यासारखा टकटक हलत होता.

"कशी मान वाकडी करून तल्लीन झालाय बघा," मागची एक बाई म्हणाली.

आत्ता सरळ होईल, भागीरथीबाईंनी मनाशी म्हटलं. अध्यक्ष पुढेच बसले होते, प्रसन्न दिसत होते. आरतीला फार वेळ नव्हता. देवा, आरतीपर्यंत सांभाळ, मग मी लगेच नेते. त्यांनी डोळे मिटून हे म्हटलं आणि उघडले, तेवढ्यात ससा एक पाऊल पुढे टाकायला गेला, त्याचा तोल गेला, आणि तो दिव्याच्या झोतात सतरंजीवर गडबडा लोळला. एकदा, पुन्हा एकदा.

हॉलमधून एक मोठा उसासा उठला. "लोटांगण घालतोय," कुणीतरी गहिवरून म्हणालं, आणि माणसं हात जोडून उभी राहू लागली. बुवांना मात्र वाटलं आख्यान रंगलं. त्यांनी आवाज चढवला, "राजाने एका हाताने पाणक्याची शेंडी धरली, दुसऱ्या हाताने तलवार उपसली," आणि चिपळ्यांचा हात उंच नेला.

भागीरथीबाई उठल्या.

त्यांनी सशाला पदरात गच्च गुंडाळलं आणि थेट बुवांच्या समोरून दाराकडे निघाल्या. कीर्तनकार आणि श्रोते यांच्या मधून आडवं जाऊ नये हे त्यांनीच सगळ्या सोसायटीला शिकवलं होतं.

"अक्का," बुवा म्हणाले. हात वरच होता. "बसा."

"माफ करा, बुवा."

"काकू, पाचच मिनिटं," दयानंद कुजबुजला. "लाईव्ह चालू आहे. अध्यक्ष बसलेत."

भागीरथीबाई दारात वळल्या. एवढ्या लोकांपुढे त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचं काम ऐकण्याचं. "याला कीर्तनातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "याला दिसत नाही, म्हणून हा डोलत होता. मला माहीत होतं. आणि आत्ता हा आजारी आहे." एवढं बोलून त्या चपला न घालताच बाहेर पडल्या, कारण त्या ढिगात स्वतःच्या चपला शोधायच्या तर मध्यरात्र झाली असती.

प्रणिता फाटकातच भेटली. पदरातलं बघून तिने लगेच रिक्षा थांबवली. "येल्लिगे, अज्जी?" रिक्षावाल्याने कुठे जायचं ते विचारलं आणि पत्ता ऐकून मागे वळून सशाकडे पाहिलं. मग महादेवपुऱ्यातल्या त्या संध्याकाळच्या गर्दीत त्याने जी रिक्षा घातली, ती कधी रस्त्यावरून, कधी फूटपाथवरून. भागीरथीबाईंनी वाटभर नामस्मरण केलं. निम्मं सशासाठी, निम्मं रिक्षासाठी.

दवाखान्यात डॉक्टर रूपश्रीने सशाला टॉवेलमध्ये घेऊन आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ गळ्यात प्लास्टिकची टोपली घातलेल्या कुत्र्याला घेऊन बसले होते. वेळ जात होता. प्रणिताने सासूच्या अनवाणी पायांकडे बघून आपल्या चपला तिच्याकडे सरकवल्या.

आणि दारात आप्पाजी बुवा उभे राहिले. डोक्याला पगडी, कपाळाला बुक्का, अंगावर उपरणं, हातात चिपळ्या. कुत्र्याने त्यांना पाहिलं आणि तो मालकाच्या बाकामागे गेला.

"मी रागावून आलोय," ते म्हणाले.

"रागवा, बुवा."

"माझ्या कीर्तनातून उठणाऱ्याला आजवर तुम्ही ओढून बसवत होता."

"खरं आहे. हॉल?"

"हॉल कसला. तुम्ही गेलात, मागोमाग दयानंद कॅमेरा घेऊन उठला, मग अध्यक्ष, मग सगळेच. ससाच नाही तर बसायचं कुणासाठी? तबलजी तेवढा राहिला. त्याचा डोळा लागला होता." ते बाकावर टेकले. चिपळ्यांचे घुंगरू चाळवू लागले. मग खाली बघतच म्हणाले, "अक्का, ते तुम्ही म्हणालात ते खरं का? त्याला काहीच कळत नव्हतं?"

राग कशाचा होता ते भागीरथीबाईंना आत्ता समजलं. त्यांनी खांबाची आणि डोंगराची गोष्ट सांगितली, जेवढी हळू सांगता येईल तेवढी हळू.

"मी त्याच्याकडे बघून गात होतो," बुवा म्हणाले. "मागच्या खेपेला तर मला वाटलं, इतका चांगला मी कधी गायलोच नव्हतो."

"गायलात तसेच. मी होते की ऐकायला."

"तुम्ही नेहमीच असता," बुवा म्हणाले. यात तक्रार किती आणि आभार किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आली. "कानाच्या आत खोल सूज आहे, आज्जी. इंजेक्शन दिलंय, तोल सावरायचं औषध दिलंय. तो जंतू पण असेल, म्हणून दोन्ही आजारांचं औषध चालू ठेवायचं, बरेच दिवस. सिरिंजनं भरवायला लागेल. पण आत्ताच माझ्या हातनं कोथिंबिरीची एक काडी खाल्ली बघा त्यानं."

भागीरथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पदराला सशाचे केस होते, त्यामुळे त्यांना दोन शिंका आल्या.

"मान सरळ होईल ना?" प्रणिताने विचारलं.

"होईल, नाहीतर थोडी वाकडी राहील. वाकडी मान घेऊन ससे मजेत जगतात. वेळेत आणलात, हे बरं झालं. पण आता त्याला झगझगीत दिवे नकोत, गर्दी नको, गोंगाट नको. घरातला अंधारा कोपरा द्या."

प्रणिताच्या फोनवर ग्रुपवरचा निरोप आला. तिने वाचला, सासूकडे पाहिलं, आणि न लपवता सांगून टाकलं. "आई, हॉल झुंबाला दिलाय. पुढच्या एकादशीपासून."

"सरी, असू दे," भागीरथीबाई म्हणाल्या.

बाकावरच्या गृहस्थांनी घसा खाकरला. ते धारवाडकडचे निघाले. मराठी कळत होतं. "पण बुवा, तुम्ही मघाशी फोनवर कुणाला तरी सांगत होता बाहेर, की राजाचा हात अजून वरच आहे म्हणून. म्हणजे काय?"

"तबलजीला सांगत होतो," बुवा म्हणाले. "आख्यान अर्धवट टाकून मला फराळ जायचा नाही. महादेवपुऱ्यापासून इथवर तो राजा तलवार उगारून उभा आहे."

"मग उतरवा की," डॉक्टर म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "फक्त आवाज कमी. आत पेशंट आहेत."

आप्पाजी बुवांनी चिपळ्या बाकावर ठेवल्या. ते उभे राहिले, उपरणं सारखं केलं, आणि देवळाच्या पायऱ्यांवरचा पाणक्या त्यांनी जवळजवळ कुजबुजत बोलता केला. "महाराज, मान खुशाल कापा. पण आधी खांद्यावरची कावड तेवढी उतरवून घ्या, देवाचं पाणी सांडेल." राजाला कावड धरायची तर दोन्ही हात हवेत; शेंडी सोडावी लागली आणि तलवार खाली ठेवावी लागली. भरलेली कावड खांद्यावर आली तसा तो त्याच पायऱ्यांवर वाकला आणि त्याला पहिल्यांदा कळलं, आपण रोज पितो ते पाणी केवढं जड असतं. कुत्रा बाकामागून बाहेर येऊन फरशीवर पसरला. भागीरथीबाई मान डोलवत होत्या आणि आज त्यांना कुणी बघत नव्हतं.

आख्यान संपल्यावर बुवा खाली बसले. "पुढची एकादशी मग कुठे, अक्का?"

"घरी करू. हॉलमध्ये नाही, बैठकीच्या खोलीत. मी, प्रणिता, तबलजी जागा राहिला तर तबलजी." त्या थोड्या अडखळल्या. "पण आतल्या खोलीत हा असणार. जोरात गायचं नाही, बुवा. दिवा एकच, समईचा. जमेल तुम्हाला?"

"तिघांसाठी हळू गायचं," बुवा म्हणाले. त्यांनी चिपळ्या उचलून उपरण्यात गुंडाळल्या, घुंगरू वाजू नयेत अशा बेताने. "सुरुवातीला घसा अडेल. दोन-तीन एकादशा लागतील सवय व्हायला."

"मी येऊ का?" कुत्र्याच्या मालकाने विचारलं.

भागीरथीबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. "तुम्ही या," त्या म्हणाल्या. "याला घरी ठेवून या."